तीसपैकी अठ्ठावीस

“पुन्हा म्हणा, अण्णा.”

“कंदील, आंबा, पाटी, विहीर...” अण्णा थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

“पितळ,” मी म्हणालो. “पितळ कसं विसरता? रोज सकाळी पितळेच्या तांब्यानं पाणी पिता की.”

“हो हो. पितळ.” ते ओशाळून हसले. “कशासाठी म्हणायचं हे?”

“डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे. डोक्याचा.”

लातूरला माझ्या क्लासच्या हॉलमध्ये पहिल्या बाकावर बाहत्तर वर्षांचे माझे वडील बसले होते आणि फळ्यासमोर मी. फळ्यावर ते पाच शब्द, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ, आणि शंभरातून सात-सात वजा करत आलेली ओळ : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. भिंतीवर माझा बोर्ड होता, ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’. त्या बोर्डाखाली मी हजारो पोरं घोटवली. वडील घोटवायची ती पहिलीच वेळ.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. अजूनही तो फळा आठवला की तोंडात आंबट पाणी येतं.

अण्णा म्हणजे बिरादार गुरुजी, उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. दहावीच्या परीक्षेत भरारी पथक म्हणून त्यांची जीप ज्या गावात शिरे, तिथल्या पालकांच्या तोंडचं पाणी पळे. त्यांच्यासमोर खिडकीतून चिठ्ठी आत यायची बिशाद नव्हती. एका वर्षी उदगीरच्या केंद्रावर त्यांनी एका पोराच्या मोज्यातून बीजगणिताची चिठ्ठी काढली, तिथंच बसून गैरप्रकाराचा अहवाल लिहिला, आणि त्या पोराचं वर्ष वाया गेलं. ते पोरगं मी होतो. अहवालात एक रकाना असतो, ‘कॉपी पुरवणाऱ्याचे नाव’. तिथं त्यांनी माझ्या मामाचं, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याचं नाव लिहिलं. पुढं तीन वर्षं मामा आमचा उंबरा चढला नाही आणि आई दर दिवाळीला रडली.

असा हा माणूस वर्षभरापासून विसरायला लागला होता. एकाच सकाळी तीनदा बाजारात जाऊन तीनदा कोथिंबीर आणायची. शेजाऱ्याला “मुलीचं लग्न ठरलं का?” म्हणून विचारायचं, आणि लग्नात जेवून तर स्वतःच आलेले. आम्ही वयावर ढकलत राहिलो. शेवटी माझी बहीण शकू म्हणाली, तज्ज्ञाला दाखवा. ती निलंग्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. म्हणून सोलापूरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉ. अत्तार मॅडमनी अण्णांच्या मानेवर नळी ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग सोनोग्राफी झाली.

“मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडं रक्त जातं,” त्या म्हणाल्या. “डाव्या बाजूची रक्तवाहिनी आतून थर साचून ऐंशी टक्के अरुंद झाली आहे. त्यामुळं पुढं अर्धांगवायूचा धोका आहे. ऑपरेशन करून तो थर काढता येतो. पण ऑपरेशनचाही धोका असतोच, म्हणून सरसकट करत नाही.”

“आणि हा विसराळूपणा? तो जाईल का?”

“काहींचा कमी होतो, काहींचा तसाच राहतो, क्वचित वाढतोही. मी वचन देणार नाही. आधी त्यांची बुद्धी किती शाबूत आहे ते मोजू. पुढच्या सोमवारी एक तपासणी आहे, तीस गुणांची. त्यावर ठरवू.”

तीस गुणांची, हे शब्द कानावर पडले आणि आमच्या घराचं डोकं फिरलं. घर मास्तरांचं. गुण म्हटले की ती परीक्षा, आणि परीक्षा म्हटली की ती पास व्हायची असते, यापलीकडं आम्हांला काही सुचतच नाही. त्यातून व्यंकट भेटला. व्यंकट सूर्यवंशी, अण्णांचा जुना विद्यार्थी, त्याच दवाखान्यात तपासण्यांच्या खोलीत कामाला. त्यानं अण्णांचे पाय धरले आणि मला जिन्याखाली ओढलं.

“सर, गुरुजी नापास झाले तर फायलीवर ‘स्मृतिभ्रंश’ लिहितेत बगा. मग आपरेशनला कुणी हात लावत न्हाई. कशाला लावतील? येड्याचं आपरेशन कोण करतंय?”

“असं असतं?”

“म्या बगतो की रोज.” त्यानं मोबाइल काढला. “गुरुजींमुळं मी माणसांत आलो. पेपर पाठवतो तुम्हांला.”

त्यानं पाठवला. आमच्या भागात पेपर आहे असं कळलं की अभ्यास नंतर, आधी तो कुठून मिळतो ते बघायचं, ही चाल मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्येंला येडं म्हणतेत लोक. आठ दिवसांपासून शेजारची कडुबाई सारखी डोकावायलीय. काय करायचं ते कर बाबा.”

शकूला फोन केला. ती एवढी चिडली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“उमाकांत, ती तपासणी आहे रे, पेपर नाही! रक्त तपासायला कुणी दुसऱ्याचं रक्त देतं का?”

“बरं, नाही करत,” मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळा पुसून अण्णांना पहिल्या बाकावर बसवलं.

सहा दिवस घोटवलं. अण्णा चुकले की मी पोरांवर ओरडतो तसा ओरडायचो. एकदा तर पट्टी आपटली बाकावर. ते दचकले आणि दोन्ही हात पुढं केले, तळवे वर करून, छडी खायला करतात तसे. मी ते पाहिलं. पाहूनही म्हणालो, “शंभरातून सात गेले?”

सोमवारी तपासणीच्या खोलीत मॅडम टेबलाच्या अलीकडं, अण्णा पलीकडं, आणि मॅडमच्या पाठीमागच्या खुर्चीवर मी. “मध्ये बोलायचं नाही,” त्यांनी बजावलं. मग अण्णांकडं वाकून, सावकाश म्हणाल्या, “गुरुजी, मी पाच शब्द सांगते. लक्षात ठेवा. कंदील. आंबा. पाटी. विहीर. पितळ.”

अण्णांचा चेहरा तिथंच बदलला. जे डोकं कोथिंबीर विसरत होतं, त्याला ही गोष्ट मात्र लख्ख कळली. त्यांनी मॅडमकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. “मॅडम, हे तर...”

मी खोकलो. मोठ्यांदा खोकलो. “म्हणा ना अण्णा, घाबरू नका.”

“तुम्ही बोलू नका,” मॅडम मागं न बघता म्हणाल्या.

अण्णा गप्प झाले. मग हळूहळू सगळं म्हणाले. घड्याळ काढलं, अकरा वाजून दहा मिनिटं. सात-सात वजा करत पासष्टपर्यंत उतरले. शेवटी मॅडमनी ते पाच शब्द पुन्हा विचारले तेव्हा चार आले आणि पाचवा अडला. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी तोपर्यंत आयुष्यात कधी अण्णांच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. मागणाऱ्याची नजर होती ती. माझ्या हातात क्लासच्या किल्ल्यांचा पितळी कडी असलेला जुडगा होता. मी तो वर धरला आणि कडीवर बोट ठेवलं.

“पितळ,” अण्णा म्हणाले आणि खाली बघायला लागले. माझ्या छातीत त्या वेळी काहीतरी उसळलं. मला वाटलं, आनंद असावा.

तीसपैकी अठ्ठावीस.

“उत्तम आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांना बरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. “मेंदूला रक्त पुरतंय असं यावरून वाटतं. विसरणं वयाचं असेल. मग आता मान उघडायची घाई नको. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या देते, सहा महिन्यांनी बघू.”

म्हणजे ज्या ऑपरेशनसाठी हा सगळा उपद्व्याप केला, ते ऑपरेशनच रद्द झालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण एवढं कळायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि आमची डोकी अठ्ठावीसवर नाचत होती. व्यंकटनं जिन्यात टाळी दिली. येताना मी पेढे घेतले. घरी आईनं कडुबाईच्या हातावर मुद्दाम दोन ठेवले, “आमचे हे अठ्ठावीस गुणांनी पास झाले गं.” मी एक पेढा अण्णांच्या तोंडात घातला. त्यांनी तो चावला नाही. थोड्या वेळानं मोरीपाशी जाऊन तळहातावर थुंकला, आणि नळाखाली हात धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

त्या दिवसापासून ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मला वाटलं, गोळ्यांमुळं असेल.

सप्टेंबरात गावच्या शाळेतून निरोप आला. सतरा तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन गुरुजींच्या हस्ते करायचंय. आई हरखली. शकूही आली. अण्णांना पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी. ग्राउंडवर पोरं रांगेत बसलेली, पहिल्या रांगेत पहिलीची चिल्लीपिल्ली. अण्णांनी दोरी ओढली, झेंडा फडकला, फुलं पडली. सगळं नीट झालं. मग नवे हेडमास्तर म्हणाले, “गुरुजी, मुलांना दोन शब्द सांगा.”

अण्णा माइकसमोर उभे राहिले. एरवी निजामाच्या राजवटीवर ते कागद न बघता पाऊण तास बोलत. आता नुसते उभे. लोक थांबले. मी मनात म्हटलं, बोला, काहीतरी बोला.

“कंदील,” अण्णा म्हणाले.

पहिलीची पोरं एका सुरात ओरडली, “कंदील!” गुरुजी म्हणतात ते मागं म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

“आंबा.”

“आंबा!”

“पाटी. विहीर.”

“पाटी! विहीर!”

मोठी पोरं हसायला लागली. मागं बायका पदराआड कुजबुजल्या. अण्णा पाचव्या शब्दापाशी अडले आणि भर गर्दीत त्यांचे डोळे मला शोधायला लागले. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्यांचा उजवा हात लुळा पडून बाजूला लोंबला, तोंड वाकडं झालं आणि जीभ अडखळून नुसता घरघर आवाज यायला लागला. शकू धावली. मी धावलो नाही.

अर्ध्या तासानं हात पुन्हा हलायला लागला, पण आम्ही गाडी काढून तडक सोलापूर गाठलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या तपासण्या झाल्यावर मॅडमनी अण्णांना, शकूला आणि मला समोर बसवलं. व्यंकट फायली घेऊन दाराशी उभा होता.

“हा इशारा होता,” मॅडम म्हणाल्या. “असा इशारा मिळाला की खरं तर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करावं. पण माझी एक अडचण आहे. काल मी वेगळ्या शब्दांवर बुद्धीची तपासणी घेतली. सोळा गुण आले. जूनमध्ये अठ्ठावीस होते.”

“मग?” शकूनं विचारलं.

“तीन महिन्यांत बारा गुण गेले. आणि फोटोत मेंदूला नवी मोठी इजा दिसत नाही. नुसत्या अरुंद रक्तवाहिनीनं इतकी झपाट्यानं घसरण होत नाही. दुसरा एखादा वेगानं वाढणारा मेंदूचा आजार असेल, तर मानेचं ऑपरेशन करून त्यांना उगाच धोक्यात घालायचं नाही. तो आधी शोधावा लागेल. पाठीतून पाणी काढून तपासायला पाठवू. पंधरा-वीस दिवस जातील.”

“आणि त्या पंधरा-वीस दिवसांत मोठा झटका आला तर?”

“येऊ शकतो. म्हणून तर तिढा आहे. मला ते अठ्ठावीस कळत नाहीत.”

एक वाक्य बोलायचं होतं. मला ते वाक्य पाठ होतं. पण दाराशी व्यंकट घामानं भिजलेला दिसत होता, त्याची नोकरी गेली असती. आणि माझ्या क्लासचा बोर्ड डोळ्यांसमोर होता. बिरादार सर पेपर फोडतात, आईबापाचासुद्धा, असं लातूरभर झालं असतं. मी नखं बघत बसलो. शकू बिचारी मॅडमना काय काय विचारत होती, आणि मी माझी नखं बघत बसलो होतो. माझा बाप मरू शकत होता आणि मी बोर्डाचा विचार करत होतो. ज्याला शिसारी म्हणतात ती मला आज येते. तेव्हा नुसती भीती वाटत होती.

“मॅडम.”

अण्णा होते. त्यांनी डावा हात वर केला होता. वर्गात उत्तर द्यायला करतात तसा, एक बोट.

“बोला गुरुजी.”

“तो पेपर...” त्यांना शब्द गोळा करायला वेळ लागला. “फुटलेला होता. जूनचा. मी कॉपी केली.”

शकूनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून होती. तिनं ती उचलून वीतभर बाजूला घेतली.

“तुम्हांला पेपर कुणी दिला?” मॅडमनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तोंड फिरवून खिडकीकडं पाहत म्हणाले, “आठवत नाही.”

मी सुटकेचा श्वास टाकला. त्यातही मला लाज वाटली नाही, हे लिहून ठेवतो.

मॅडम काय समजायचं ते समजल्या असाव्यात. “जूनमध्ये हे सोळाच आले असते,” त्या फाईल मिटताना कुणाकडंच न बघता म्हणाल्या, “तर मी मेंदूच्या रक्तपुरवठ्याची पुढची तपासणी तेव्हाच केली असती, आणि कदाचित ऑपरेशनही. तीन महिने हा माणूस जीव टांगणीला लावून फिरला. तपासणीत नापास होत नाही कुणी, हो. एवढं शिकलेले लोक तुम्ही.” मग अण्णांना म्हणाल्या, “गुरुजी, बरं झालं सांगितलंत. म्हणजे झपाट्यानं घसरण झालेलीच नाही. परवा ऑपरेशन करू.”

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी बाहेरच्या बाकड्यावर शकू आणि मी. दोन तासांनी ती समोर बघतच म्हणाली, “का केलंस?”

“लोकांनी त्यांना वेडं म्हणू नये म्हणून. ऑपरेशन व्हावं म्हणून.”

“खोटं बोलतोस,” ती म्हणाली आणि उठून आईजवळ जाऊन बसली.

खोटंच होतं. व्यंकटनं सांगितलेलं माझ्या मनाला पूर्ण पटलंच नव्हतं. एक फोन करून मॅडमना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला ‘तसं काही नाही’ असं ऐकायचं नव्हतं. मला तो पेपर हवा होता. मला अण्णांना कॉपी करताना बघायचं होतं. ज्यांनी भर वर्गात माझा मोजा खाली ओढला, त्यांचे डोळे माझ्या हातातल्या चिठ्ठीकडं लागलेले बघायचे होते. तपासणीच्या खोलीत कडीवर बोट ठेवलं तेव्हा छातीत जे उसळलं, ते हेच होतं. वीस वर्षं मुरलेली चीड होती ती, आणि मी तिचे पेढे वाटले.

ऑपरेशन नीट झालं. दोन महिन्यांनी मॅडमनी पुन्हा तपासणी घेतली. या वेळी अण्णांनी स्वतः उठून आम्हां सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बावीस गुण.

“सुधारणा आहे,” मॅडम म्हणाल्या. “त्यातली ऑपरेशनमुळं किती, गोळ्यांमुळं किती आणि गुरुजींच्या मनावरचं ओझं उतरल्यामुळं किती, हे मी छातीठोक सांगणार नाही.”

पेढे आणायचं कुणी नाव काढलं नाही. घरी आल्यावर अण्णांनी आखीव कागद मागितला, आणि दुपारभर बसून लिहिलं. उजवा हात अजून थोडा जड होता, पण अक्षर तेच, हेडमास्तरचं. संध्याकाळी मला हाक मारली.

“हे मॅडमना पाठवायचं. वाच.”

गैरप्रकाराचा अहवाल होता. रकाने पट्टीनं आखलेले. परीक्षार्थीचे नाव : शि. वै. बिरादार. परीक्षेचा दिनांक. गैरप्रकाराचे स्वरूप : प्रश्न आधी माहीत असताना उत्तरे दिली, पाचवा शब्द खुणेवरून सांगितला. शिफारस : अठ्ठावीस गुण रद्द करावेत. खाली सही. मध्ये एकच रकाना मोकळा होता.

“‘कॉपी पुरवणाऱ्याचे नाव’ राहिलंय, अण्णा.”

“राहिलं नाही. मी लिहिलं नाही.”

“आठवत नाही म्हणून?”

“आठवतंय,” अण्णा म्हणाले. “त्या दिवशी मॅडमसमोरही आठवत होतं.”

मला वाटलं, माफ केलं. बापाचं मन शेवटी. “मामाचं तर तुम्ही लिहिलं होतं,” मी म्हणालो. “माझंही लिहिलं होतं.”

“तेव्हा राग आला होता.” अण्णांनी पेनाचं टोपण लावलं, दोनदा दाबून बघितलं. “या वेळी किळस आली.”

मग त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटाला डिंक लावला, कड बोटानं घासून घट्ट केली आणि पाकीट माझ्यापुढं धरलं.

“रजिस्टर कर. पावती आणून दाखव मला.”

दुसऱ्या दिवशी मी पावती आणून दाखवली. अण्णांनी ती उजेडात धरली, शिक्क्यावरची तारीख वाचली, पत्ता बरोबर आहे का ते पाहिलं, आणि पावती खिशात ठेवली.